देवबाग आणि चार चुकलेल्या गोळ्या

देवबागहून परतल्यापासून जो भेटेल तो मला एकच विचारतो, "काय अण्णा, पाणी कसं होतं?" मी "निळं" म्हणतो आणि विषय बदलतो. खरं सांगायचं तर आठ दिवस समुद्राच्या काठावर राहून मी समुद्र धड पाहिलेला नाही. माझं अर्धं लक्ष पोरांच्या डोक्यांवर आणि उरलेलं अर्धं एका पत्र्याच्या डब्यावर होतं. त्या डब्याची आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीची ही हकिगत आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाची पोरं पुढच्या उन्हाळ्यात शिबिराला जाणार असतील, म्हणून सगळं लिहून टाकतो. लिहिल्याशिवाय मला चैनही पडायचं नाही.

सांगली, निघण्याआधी

चौतीस वर्षं मी सांगलीत औषधांचं दुकान चालवलं. दुकान मुलाकडे दिल्यापासून घरात माझा सगळ्यांना जाच होतो असं आमच्या घरचं मत आहे. मला रिकामं बसता येत नाही. शेजाऱ्यांच्या औषधांच्या एक्सपायरी तपासून झाल्या, तेव्हा पुतणी अनघा देवासारखी धावून आली. ती लहान मुलांचे छंदवर्ग घेते आणि मे महिन्यात चोवीस पोरांना देवबागला घेऊन जाणार होती. म्हणाली, "काका, तुम्ही फक्त औषधं सांभाळा. बाकी काही बघू नका." बायकोने माझ्याआधी होकार दिला.

निघायच्या आठ दिवस आधी पालकांची बैठक घेतली. माझे नियम फळ्यावर लिहिले. औषध मूळ पाकिटातच हवं, गोळी कापून सुटी आणायची नाही. डॉक्टरांची चिठ्ठी हवी. किती वाजता, जेवणाआधी की नंतर, हे कागदावर हवं. आणि पोराच्या बॅगेत एकही औषध ठेवायचं नाही, सगळं माझ्या डब्यात.

आपल्याकडचे पालक नियम ऐकतात खरे, पण ते दुसऱ्याच्या पोरासाठी आहेत असं समजून. एका आईने मुलाबरोबर अकरा बाटल्या आणल्या, त्यात ग्राइप वॉटर होतं. मुलगा सातवीत. एका वडिलांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या सहा कुप्या आणल्या आणि कुठली कधी द्यायची हे स्वतःच विसरले. खरी गरज असलेली पोरं निघाली सात. ओजसला दमा, त्याचा पंप. एकीला थायरॉइड. एकाला धुळीची शिंक. असे सात. प्रत्येकाची कापडी पिशवी शिवून घेतली, तिच्यावर नाव घातलं आणि एका मोठ्या जाड कागदावर तक्ता आखला: नाव, औषध, वेळ, कशासाठी; ज्याची ओळ त्यानेच भरायची. बाकीच्यांची टॉनिकं, बुद्धिवर्धक सिरपं आणि शक्तीच्या गोळ्या मी सरसकट परत केल्या. या शक्तीच्या गोळ्यांवर माझा जुना राग आहे. आयुष्यभर मीच त्या विकल्या, म्हणून असेल.

त्या परत केलेल्यांत सानिकाची एक बाटली होती. सानिका तेरा वर्षांची, उंच, कमी बोलणारी. तिची आई वर्षाताई सगळ्यात शेवटी टेबलाशी आली. बाटलीवर व्हिटॅमिनचं लेबल. म्हणाली, "शक्तीच्या आहेत. सकाळी एक, रात्री एक. चुकवायच्या नाहीत तेवढ्या."

मी हसलो. "ताई, आठ दिवस ताजे मासे खाल्ले की शक्ती उतू जाईल. घरी ठेवा."

ती काहीतरी बोलणार होती. मागे दोन बायका उभ्या होत्या, त्यांच्याकडे तिने पाहिलं आणि बाटली पर्समध्ये टाकली. मी बाटली उघडून पाहिली नाही. चौतीस वर्षांत हजारो लोकांना मी बजावलं असेल की एका औषधाच्या बाटलीत दुसरं औषध भरू नका. त्या दिवशी झाकण फिरवलं असतं तर कळलं असतं. पण टिंगल करण्याच्या नादात ते राहून गेलं.

फोंड्याचा घाट

कोल्हापूर मागे टाकून राधानगरीच्या रस्त्याला लागलो आणि गाडीत गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. मी दर अर्ध्या तासाला उठून पोरं मोजत होतो. चोवीसच भरायची. तरी पुन्हा मोजायचो. दाजीपूरचं जंगल सरलं, घाट सुरू झाला आणि पहिल्या चार वळणांतच अकरा बाटल्यांवाला मुलगा ओकला. खिडकीबाहेर खाली कोकण दिसतंय असं अनघा सांगत होती. मी पिशव्या वाटत होतो, मला काही दिसलं नाही.

घाट उतरून चहाला थांबलो. तिथे मला काय सुचलं कोण जाणे, मी पोरांच्या बॅगा तपासायचं ठरवलं. माझा संशय खरा ठरला. परत दिलेली निम्मी औषधं बॅगांच्या तळाशी परत आली होती. टॉनिकच्या तीन बाटल्या, दोन सिरपं, बाम, चूर्णाची पुडी. आणि सानिकाच्या बॅगेत, मोज्यात गुंडाळलेली, तीच व्हिटॅमिनची बाटली.

"आजोबा, ती राहू दे ना," ती हळूच म्हणाली.

"तुझ्या आईला मी काय सांगितलं होतं?"

"पण..."

"पण नाही न् परंतु नाही. नियम म्हणजे नियम." बाटली मी जप्त केलेल्या औषधांच्या पोत्यात टाकली. चहावाल्याच्या बाकड्यावर बसलेले दोघे-तिघे कौतुकाने बघत होते, त्यामुळे मला अधिकच चेव आला होता. सानिका गाडीत जाऊन खिडकीशी बसली. चोवीस पोरं, सातच औषधं, माझं गणित चोख होतं, म्हणून मी खूष होतो.

आम्हाला देवबागला सोडून गाडी त्याच दिवशी सांगलीला परत जाणार होती. मी ते पोतं ड्रायव्हर मारुतीच्या हवाली केलं. उगाच डब्याशेजारी अडगळ नको.

देवबाग, पहिले दोन दिवस

देवबाग म्हणजे जमिनीची एक लांबट जीभ. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं, होड्या आणि एकच रस्ता. घराच्या पुढच्या दारातून समुद्र ऐकू येतो, मागच्या दारातून खाडी दिसते. सांगलीत आम्हाला नदी एकाच बाजूला असते आणि ती कधी चढेल याची काळजी आम्ही पिढ्यानपिढ्या करत आलो आहोत. इथे दोन्हीकडून पाणी असून माणसं ओट्यावर बसून निवांत काजू सोलतात. मला पहिल्या दिवसापासून ते जमलं नाही.

आमचा मुक्काम तेरेजाबाईंच्या घरी होता. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या. अंगणात पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, त्याच्यापुढे रोज संध्याकाळी मेणबत्ती. मुलगा अंतोन होडीवर पर्यटक नेतो. बाई पोरांशी शाळेतली मराठी बोलायच्या, माझ्याशी आणि अंतोनशी मालवणी. मी ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर करत राहायचो ते बघून दुसऱ्याच तासाला त्यांनी मला धरलं.

"अण्णानू, वाईच बसा हो. पायाक भिंगरी लागली काय तुमच्या?"

"पोरं मोजतोय."

"चोवीस आसत. मी मोजलंय. आता बसा आणि सोलकढी पिया."

जेवणाचं काय सांगू. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात, सकाळी घावणे आणि नारळाचा रस, एके दिवशी ओल्या काजूची उसळ. आमच्या पोरांना भाकरीची सवय. पहिल्याच जेवणात "चपाती नाही का?" सुरू झालं. तिसऱ्या जेवणाला तीच पोरं भाताचा डोंगर करून त्यात कढी ओतत होती. एकाच्या घशात काटा अडकला. मी डबा उघडून चिमटा शोधेपर्यंत बाईंनी त्याला कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला आणि काटा गेला. असं करू नये असं मी म्हणणार होतो, पण पोरगं पुन्हा मासा मागायला लागलं होतं.

औषधं द्यायची माझी वेळ संध्याकाळी सातची. ओट्यावर डबा ठेवायचा, भिंतीवर तक्ता टांगायचा आणि सात जणांनी रांग लावायची. दोनच दिवसांत त्या रांगेला मान आला. ओजस आपला पंप असा ओढायचा की बघायला बाकीची पोरं जमत. मला 'गोळीआजोबा' नाव पडलं. पहिल्या संध्याकाळी रांग संपल्यावर सानिका जवळ आली.

"आजोबा, माझी बाटली मिळेल?"

"व्हिटॅमिन? घरी गेल्यावर," मी झाकण लावत म्हणालो. ती निघून गेली. दुसऱ्या संध्याकाळी ती आली नाही. लांब माडाला टेकून रांगेकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण होती. लांबलचक जाळं समुद्रात टाकून दोन टोकांचे दोर माणसं काठावरून ओढतात. आमच्या पोरांनीही दोराला हात लावले. सानिका सगळ्यांच्या मागे, कोरड्या वाळूत पाय रोवून जीव खाऊन ओढत होती. जाळं आलं, तारली मासळी उड्या मारायला लागली, पोरं गुडघाभर पाण्यात धावली. ती एकटी जागची हलली नाही.

"काय गं," मी ओरडलो, "कृष्णेचं पाणी प्यायलेली पोर तू, आणि गुडघाभर पाण्याला घाबरतेस?"

सगळे हसले. मला माझा विनोद आवडला होता.

तिसऱ्या दिवशीची सकाळ

त्या दिवशी नऊ वाजता होडी सुटायची होती. तोंडाला नळी लावून पाण्याखालचे मासे बघायचे, असा बेत. नाश्त्याला बसलो असताना सानिकाचा हात अचानक उडाला आणि चहाचा कप ओट्यावर पडून फुटला. पोरं पुन्हा हसली. कुणीतरी "भित्री भागुबाई" म्हणालं. ती काच गोळा करून आली ती थेट माझ्यासमोर.

"आजोबा, मला पाण्यात जाता येणार नाही."

"अगं, जॅकेट घालतात. बुडत नाही कुणी."

"त्या शक्तीच्या गोळ्या नव्हत्या." तिने मागे वळून पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली. "मला फिट यायच्या. आता येत नाहीत. ऑगस्टमध्ये फिट न येता दोन वर्षं पूर्ण होतील, मग डॉक्टर गोळ्या कमी करणार आहेत. मी कॅलेंडरवर खुणा करते. चार गोळ्या चुकल्या माझ्या. फिट यायच्या आधी असाच हात उडायचा."

मी बोटांवर मोजलं. पहिल्या दिवशीची रात्र, दुसऱ्या दिवसाची सकाळ आणि रात्र, आजची सकाळ. चार. बाटली पोत्यात, पोतं सांगलीला, आणि ते मी स्वतःच्या हाताने पाठवलेलं. पोरगी दोन वर्षं दिवस मोजत होती आणि मी तिच्यासमोर पोरांची डोकी मोजत फिरत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली. आजही वाटते.

अनघा बाकीच्यांना घेऊन होडीवर गेली. मी वर्षाताईंना फोन लावला.

"त्या व्हिटॅमिनच्याच आहेत, अण्णा."

"ताई, मी औषधवाला आहे. आणि सानिका माझ्यासमोर बसली आहे."

मग त्यांनी गोळीचं नाव सांगितलं. मला ते नाव चांगलं माहीत होतं, माझ्या दुकानात डाव्या हाताच्या दुसऱ्या फळीवर असायची ती. "शिबिरात आमच्याच नात्यातली दोन पोरं आहेत हो," त्या म्हणाल्या. "एकदा कळलं की चार गावांत कळतं. मुलीची जात आहे. उद्या तिच्या लग्नाला कोण उभं राहील? म्हणून पाकिटं सोलून बाटलीत भरते मी, दोन वर्षं." पाकीट सोललं त्यांनी, पण बाटली काढून घेतली मी.

तेरेजाबाई दारात उभ्या होत्या. मी सानिकाकडे पाहिलं. "यांना सांगावं लागेल." तिने मान हलवली, पण म्हणाली, "पोरांना नका सांगू."

बाई तिच्याजवळ बसल्या. "गो बाय, देवबागात लपवूक जागा खंय आसा? एका बाजूक खाडी, एका बाजूक दर्या. माझ्या भावाक फिट येय. सगळ्या वाड्याक म्हायत होता. म्हणान खंय पडलो तरी कोणतरी तेका उचलून आणी. आज नातवंडांवांगडा खेळता तो."

सानिकाने बाईंचा हात धरला. तो तिने मालवणपर्यंत रिक्षात सोडला नाही.

मालवणातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, तिच्या सांगलीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या आणि चिठ्ठी लिहिली. "सांगलीहून येईपर्यंत थांबू नका, आजच सुरू करा. पाणी नको, ऊन नको, एकटं सोडायचं नाही. आणि फिट आलीच तर काय करायचं हे सोबतच्यांना माहीत हवं." हे शेवटचं त्या सानिकाकडे बघून म्हणाल्या. मग बाईंना सगळं नीट समजावलं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर इकडे घेऊन यायचं.

मालवणात त्या गोळीचा तो प्रकार नव्हता. पहिल्या दुकानात नाही, दुसऱ्यातही नाही. दुसऱ्या दुकानदाराला मी माझी ओळख दिली आणि विचारलं, "तुमचा माल कुठल्या एजन्सीकडून येतो?" धंद्यातल्या माणसाला हा प्रश्न पुरतो. त्याने एजन्सीला फोन लावून दिला. मी त्यांच्याशी बोललो. गोळी होती. एजन्सीची गाडी दुपारी कणकवलीहून निघून तीनला कसालला माल उतरवणार होती. मालवणला ती उद्याच यायची. मी बाईंबरोबर सानिकाला देवबागला परत पाठवलं आणि फोन करून बोलावलेल्या अंतोनच्या मोटरसायकलवर मागे बसलो.

कसाल

मालवण-कसाल रस्ता सुंदर आहे म्हणतात. काजूच्या बागा, लाल माती, मधूनच फणस लगडलेला. मी अंतोनच्या खांद्यावरून फक्त घड्याळ बघत होतो. दोनला पोचलो.

कसाल ही हायवेवरची बाजारपेठ. गोव्याकडे आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या, फणसाचे ढीग, काजूबियांची पोती. ज्या औषधाच्या दुकानात माल उतरणार होता त्या मालकाने मला खुर्ची दिली. मी बसलो, उठलो, रस्त्यापर्यंत गेलो, परत आलो. एक म्हातारी खोकल्याचं औषध मागायला आली तेव्हा माझ्या तोंडून "कोरडा की ओला?" निघून गेलं. मालक माझ्याकडे बघायला लागला. तीन वाजले. सव्वातीन झाले. कणकवलीकडून येणारी प्रत्येक पांढरी गाडी मला तीच वाटायची.

"अण्णानू," अंतोन वड्यांची पुडी सोडत म्हणाला, "गाडी येतली. तुमी फेऱ्यो मारल्यात म्हणान लवकर येवची नाय. वडो खावा."

मी वडा हातात घेतला. तेवढ्यात फोन वाजला. तेरेजाबाई होत्या.

"अण्णानू, घाबरू नकात. आपल्या सानिकाक फिट इली. थांबली. दोन मिनटां पण झाली नाय, मी घड्याळ धरून होतंय. आता निजली आसा. श्वास बरो चल्लो आसा. डॉक्टरनीक फोन केलंय."

वडा मी पुडीत परत ठेवला. दहा मिनिटांनी एजन्सीची गाडी आली. गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात होतं, मूळ पाकीट, नाव छापलेलं, तारीख छापलेली. दहा मिनिटं म्हणजे फार नाही. पण मला ती दोन वर्षांएवढी जड वाटली. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी रडलो. अंतोनने गाडी सुरू केली आणि थांबून राहिला.

देवबाग, पुन्हा

नंतर मला जे सांगण्यात आलं ते असं. पोरं होडीवरून परत आली होती, अंगणात माशांच्या गप्पा चालल्या होत्या. सानिका बाईंच्या शेजारी ओट्यावर शहाळं पीत होती. हातातलं शहाळं पडलं आणि ती आडवी झाली. चोवीसातल्या तेवीस पोरांनी पाहिलं. एक पोरगी किंचाळली. होडीवाल्यांपैकी एक गडी पायातली चप्पल काढून हुंगवायला धावला. बाईंनी तिला कुशीवर घेतलं आणि त्याच्यावर ओरडल्या, "चप्पल भायर टाक आदी! तिका वास नको, वारो व्हयो!" मग ओजसकडे वळून शाळेतल्या मराठीत म्हणाल्या, "तू पंखा घाल. आणि बाकीच्यांनी मोठ्याने मोजा." घड्याळ त्यांच्या हातात होतंच. पण पोरांनी घाबरून पळू नये म्हणून त्यांना काम दिलं. तेवीस पोरं साठ, एकसष्ट, बासष्ट करत उभी राहिली. एकशे चारला फिट थांबली.

मी पोचलो तेव्हा ती जागी झाली होती. डोळे सुजलेले. पाकीट बघितलं, माझ्यासमोर गोळी घेतली, पाणी प्यायली.

"आजोबा, आता परत पहिल्यापासून मोजायचं."

"चूक माझी आहे, बाळा," मी म्हणालो.

"आईची पण आहे," ती म्हणाली. "आणि माझी. मी पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगायला पाहिजे होतं."

इतक्यात वर्षाताईंचा फोन आला. अनघाने त्यांना आधीच कळवलं होतं. त्या खूप रडल्या होत्या, आवाज बसला होता. गोळी मिळाली का, डॉक्टर काय म्हणाले, सगळं विचारलं. मग हळू आवाजात:

"अण्णा, कुणी पाहिलं का हो?"

"कुणी पाहिलं का, विचारतायत," मी बाईंना म्हणालो. तेरेजाबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि वर्गात बोलतात तशा स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "सगळ्यांनी पाहिलं, ताई. सगळ्यांनी मिळून सेकंद मोजले. आता सगळे तिच्यासाठी जेवायचे थांबलेत. तुम्ही काळजी करू नका."

संध्याकाळी सानिकाला डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा नेऊन आणलं. पाणी सोडून बाकी सगळं करू दे, म्हणाल्या. वर्षाताई दुसऱ्याच दिवशी न्यायला निघणार होत्या. सानिकाच नको म्हणाली. "आत्ता गेले तर पळून गेले असं होईल."

चौथ्या संध्याकाळी सात वाजता मी डबा उघडला, तर रांगेत आठ जण. ओजसने तिला स्वतःच्या पुढे उभं केलं होतं. तक्त्यावर आठवी ओळ मी आखली आणि पेन तिच्याकडे दिलं. तिने नाव लिहिलं, औषध लिहिलं, वेळ लिहिली. 'कशासाठी' या रकान्याशी थांबली. वरच्या ओळीत ओजसच्या अक्षरात 'दम्यासाठी' होतं. तिने लिहिलं, 'फिट येते म्हणून.' मग गोळी घेतली आणि माझ्यापुढे एक बोट धरलं.

पुढचे दिवस कसे गेले ते पोरांना विचारा. वाळूचा किल्ला झाला, खाडी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत चालणं झालं, बाईंनी खापरोळ्या केल्या आणि अकरा बाटल्यांवाल्याने सात खाल्ल्या. सानिका काठावरून शिट्टी वाजवायची आणि पाण्यातल्या पोरांना किती लांब जायचं ते सांगायची. तिचं कुणी ऐकलं नाही असं झालं नाही. मी मात्र बसलो नाही. निघताना बाईंनी मला काजूगरांची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "परत येवा. पण बसूक येवा."

सांगली

गाडीतून उतरताना तक्ता माझ्या काखेत होता. सगळे पालक जमले होते, वर्षाताईंच्या नात्यातलेही. त्या पुढे आल्या, माझ्या पाया पडायला वाकल्या, मी मागे सरकलो. तक्ता त्यांच्या हातात दिला. त्यांनी आठवी ओळ वाचली. मला वाटलं, आता फाडतील. त्यांनी एकदा आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं, तक्त्याची गुंडाळी केली आणि छातीशी धरून म्हणाल्या, "हा मी घरी लावते." स्कूटरवर मागे बसलेल्या सानिकाने कोपऱ्यावर वळताना हात वर केला. पाच बोटं. पाच दिवस.

तेव्हापासून रोज संध्याकाळी गोळी घेतली की ती मला फोनवर दिवसांचा नुसता आकडा पाठवते. तो आल्याशिवाय मला जेवण जात नाही, हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे. आजचा आला नव्हता म्हणून मन रमवायला हे लिहायला बसलो. मध्ये चारदा उठलो, दोनदा फोन उलटसुलट करून पाहिला, बायकोने ताट वाढून परत झाकून ठेवलं.

आत्ता आला. एक्केचाळीस.